दोर वळताना

म्हाताऱ्याने तिन्ही पदरांच्या मध्ये खाचांचा लाकडी ठोकळा बसवला आणि हात वर केला. समोर, वीस पावलांवर, सुनेने पीळ देणाऱ्या रहाटाची मूठ फिरवायला सुरुवात केली.

जुन्या कारागिरीच्या मेळाव्याला सहकुटुंब आलेली माणसं दोन्ही बाजूंनी दाटली. पलीकडे जुने नांगर मांडले होते, कुंभाराच्या चाकाभोवती मुलांची झुंबड होती. पण निवेदकाने माईकवरून या दोघांचाच गजर चालवला होता. “सासरे आणि सून! चार पिढ्यांची कला!”

रहाटावरची जागा खरं तर मुलाची. त्याला जाऊन तीन वर्षं झाली. तो गेल्यावर महिनाभराने सुनेने आपणहून मूठ हातात घेतली. “दोराला दोन माणसं लागतात,” एवढंच म्हणाली होती.

म्हातारा ठोकळा सरकवत निघाला. त्याच्या पाठीमागे तीन पदरांचा एक दोर होत होता. ठोकळा मधेच थांबला तर पीळ चढून दोराला गाठी पडतात. हात सुटला तर सगळंच उलगडतं. तो दोन हातांवर आला तेव्हा ती हळूच बोलली.

“मामंजी, घरी बोलायला गेले की तुम्ही उठून गोठ्यात जाता. म्हणून इथं सांगते.”

तो सरकत राहिला.

“आपला रहाट दुरुस्त करायला येतो ना, त्या सुताराने मला विचारलंय. मी हो म्हणाले. पुढच्या महिन्यात जाईन.”

त्याचं पाऊल अडखळलं. पदर बोटांवर करकचले.

“थांबवू का?”

“फिरव,” तो म्हणाला. “सैल पडेल.”

उरलेलं अंतर त्याने इंचाइंचाने कापलं. शेवटाला मारलेली गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा तिने वर बोट दाबून धरलं. टाळ्या पडल्या.

निवेदक माईक पुढे करत हसत आला. “आजोबा, पुढच्या वर्षीही हीच जोडी हं!”

सून मान खाली घालून हाताला चिकटलेले तंतू काढत होती.

“हिला जोडीत धरू नका,” म्हातारा म्हणाला. “हिचं लग्न ठरलंय.”

साऱ्या मैदानाने ते ऐकलं. निवेदकाने माईक खाली घेतला.

म्हातारा खाली बसून उरलेले वाखाचे तंतू गोळा करू लागला. तिने लगबगीने हात पुढे केला.

“राहू दे,” तो वर न बघता म्हणाला. “सवय व्हायला हवी.”