पालथी पडून पुकारलेली फायनल

अक्षदाचा कणा वाकडा आहे हे आधी तिच्या आईच्या लक्षात आलं, तेही वेणी घालताना. पोर तेव्हा आठवीत होती. दोन्ही वेण्या नीट मापात घातल्या तरी रिबिनीची फुलं खांद्यांवर सारखी बसेनात. आई म्हणाली, "सरळ उभी राहा गं." अक्षदा म्हणाली, "सरळच उभीय." मग आईनं पाठीवरून हात फिरवला आणि तिचा हात उजव्या खांद्यामागच्या हाडावर थांबला. ते हाड बाहेर आलं होतं, आणि डावीकडच्या बरगड्या आत गेल्या होत्या.

पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. कणा इंग्रजी एस अक्षरासारखा दिसत होता. त्याला स्कोलिओसिस म्हणतात, हे अख्ख्या घराला त्या दिवशी कळलं. मग बारावीपर्यंत शाळेच्या ड्रेसखाली कडक प्लॅस्टिकचा पट्टा राहिला. आई ओझरच्या विघ्नहराला नवस बोलली, मामानं कुठल्याशा हाडवैद्याचा पत्ता आणला, शेजारणीनं "लग्नाचं कसं व्हायचं" म्हणून डोळ्याला पदर लावला. पट्ट्यामुळं बाक वाढायचा थांबला. गेला मात्र नाही. ऑपरेशनची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले, पण पाठ दुखत राहील, आणि दुखणं सांभाळूनच जगायचं आहे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दुखणं खरंच राहिलं. पाहुणा म्हणून आलं असतं तर कधीतरी गेलं असतं. हे भावकीतल्या माणसासारखं घरात हिस्सा मागून बसलं. हाकलता येत नाही, पण चूल वेगळी ठेवता येते, हे अक्षदाला कॉलेजच्या वयात उमगलं. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लायब्ररीत नोकरी लागली तेव्हा तिनं पहिल्याच आठवड्यात उंच टेबल मागून घेतलं. थोडा वेळ उभं, थोडा वेळ बसून, आणि दुपारच्या सुट्टीत मागच्या दोन कपाटांमध्ये चटई टाकून सपाट आडवी. नवीन पोरं पुस्तक शोधत तिकडं आली की दचकायची. "घाबरू नका, जिवंत आहे," अक्षदा खालूनच सांगायची, "कोणतं पुस्तक पाहिजे?"

मंचरला स्वप्ना मॅडमचा फिजिओथेरपीचा दवाखाना होता. अक्षदा कामावरून सुटली की तिकडं जायची. स्वप्ना मॅडमनं तिला सगळ्यात आधी श्वास घ्यायला शिकवलं. डावीकडच्या आत गेलेल्या बरगड्यांवर हात ठेवून त्या म्हणायच्या, "इथं घे. इथं फुगा आहे समज, तो फुगव. आणि सोडताना आवाज काढत सोड. काहीही म्हण, पण श्वास संपेपर्यंत थांबायचं नाही."

सुरुवातीला अक्षदानं पाढे म्हटले. पाढ्यांचा कंटाळा आला तेव्हा एक दिवस तिच्या तोंडून आपसूक बैलगाडा शर्यतीतली बारी बाहेर पडली. "घाटाकडं लक्ष द्या मंडळी, गाडा सुटलाय, घोडी पुढं, बैल मागं, उचललाय गाडा, आला, आला, आलाऽऽ, झाली!" स्वप्ना मॅडमचा हात बरगडीवरच राहिला. बाहेर थांबलेल्या पेशंटांनी दाराचा पडदा सारून आत पाहिलं.

"हेच म्हणत जा," मॅडम हसत म्हणाल्या. "अगं, फुगा पुरा भरला!"

अक्षदाच्या कानात ते लहानपणापासून होतं. तिच्या गावच्या भैरवनाथाच्या यात्रेत चढावर बैलगाडे पळतात. त्या चढाला घाट म्हणायचं आणि एका गाड्याच्या एका धावेला बारी. वरच्या टोकाला स्टेज असतं. तिथं माईक घेऊन बसणाऱ्यानं गाडामालकाचं नाव, गाव, बैलांची नावं आणि लागलेले सेकंद सगळं एका दमात सांगायचं असतं. घाटाला रंग चढतो तो त्या आवाजानं. मंचरपासून नारायणगावपर्यंतच्या घाटांवर हा आवाज जानकू तात्यांचा होता, आणि जानकू तात्यांचं घर अक्षदाच्या परसामागंच होतं. रोज सकाळी ती पेरूच्या झाडाखाली व्यायाम करायची आणि तात्या पलीकडं दात घासत तिच्या बाऱ्या ऐकायचे. तिला हे माहीतही नव्हतं.

यंदा यात्रा तोंडावर आली आणि तात्यांचा घसा बसला. डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायची बंदी घातली. दुसऱ्या निवेदकांना फोन झाले, पण त्या तारखेला सगळे कुठंकुठं गुंतलेले. देवळाच्या मंडपात कमिटीची बैठक बसली. तात्या तिथं गेले आणि बसक्या आवाजात म्हणाले, "सोपानची अक्षदा घ्या."

कमिटीचे अध्यक्ष गोकुळ अण्णा आधी हसले. "तात्या, चेष्टा नका करू राव. पोरीची जात, त्यात तिची पाठ तशी. दिसभर उन्हात हुबं ऱ्हायाचं काम हाये ते."

"तिलाच इचारा की," तात्या म्हणाले.

अक्षदाला निरोप गेला. ती आली, मंडपाच्या खांबाला पाठ टेकून उभी राहिली आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिवसभर उभं राहायला मला नाही जमणार. सलग बसायलाही नाही. तेवढं सोडून सगळं जमेल."

दोघे-तिघे हसले. अण्णा म्हणाले, "मंग करणार कसं?"

"स्टेजवर एक फळी टाकून द्या. मधूनमधून आडवी होईन."

"आडवी? स्टेजवर? एवढ्या गर्दीम्होरं?"

"अण्णा, तुम्हाला आवाज पाहिजे का उभी बाई पाहिजे?"

तात्यांना हसू आवरेना, आणि हसता हसता ठसका लागला. अण्णा मात्र गंभीरच. तेव्हा अक्षदानं डाव्या बरगडीत श्वास भरला आणि अण्णांच्याच बैलांची गेल्या यात्रेतली बारी पुकारली. गाडा सुटल्यापासून वरच्या टोकाच्या झेंड्यापर्यंत, दम न तोडता. बारी संपली तेव्हा मंडपाबाहेर नारळ फोडणारा माणूस हातात नारळ तसाच धरून आत बघत होता.

"फळी टाकू," गोकुळ अण्णा म्हणाले.

घरी आईला ते पटलं नाही. इतकी वर्षं तिनं लेकीचे कपडे सैल शिवून घेतले होते, ओढणी उजव्या खांद्यावरून अशी सोडायला शिकवली होती की बाक झाकला जावा. "अख्खं गाव बघंल गं," ती म्हणाली. "बाहेरगावचं लोक बी."

"बघू दे."

"तुला कळत न्हाई. लोक काय काय बोलत्यात ते मी ऐकलंय. तुझ्या कानावर येऊ दिलं न्हाई एवढंच."

अक्षदा आईजवळ जाऊन बसली. "मला माहितीय ते काय बोलतात. शाळेत असल्यापासून माहितीय. पण आई, मला हे काम करायचंय. लई करायचंय."

यात्रेच्या सकाळी अक्षदानं अंगासरशी बसणारा पिवळा कुर्ता घातला. आई ओढणी घेऊन दारापर्यंत आली. लेकीकडं बघत क्षणभर उभी राहिली आणि मग ती ओढणी तिच्या डोक्याला उन्हासाठी बांधून दिली.

सकाळ झकास गेली. गाडे सुटत होते, गुलाल उडत होता, आणि भोंग्यातून बाईचा आवाज ऐकून वरच्या माळावर बसलेली माणसं विचारत होती, "कोन हाये ही?" अक्षदा थोडी उभी, थोडी स्टुलावर, आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात फळीवर पाठ टेकून घ्यायची. ओळखीच्या गाड्यांना ती मालकाच्या आज्याच्या नावानं हाक मारी, अनोळखी गाड्यांच्या गावात काय पिकतं ते सांगे. तात्या शेजारी खुर्चीवर बसून नुसती मान डोलवत होते.

उन्हं माथ्यावर आली तशी पाठ बोलायला लागली. आधी डाव्या बरगडीखाली निखारा ठेवल्यासारखं झालं. हे तिच्या ओळखीचं होतं, तिनं दुर्लक्ष केलं. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र एका बारीच्या ऐन मध्यावर पाठीत अशी चमक भरली की शब्द तोंडातच राहिला. भोंगे गप्प झाले. गाडा झेंडा ओलांडून गेला तरी आवाज नाही. सगळा घाट माना वर करून स्टेजकडं बघू लागला.

अक्षदा फळीवर उताणी झाली आणि पुढची बारी तिनं तशीच पुकारली. पण उताणं पडल्यावर मांडवाच्या कापडाशिवाय दिसणार काय? कानावर भरवसा ठेवून तिनं एका गाड्याला दुसऱ्याचंच नाव दिलं. खालून हुर्यो उठली.

"चुकलं माझं," ती माईकवर लगेच म्हणाली. "गाडा बहिरूशेठचा आहे. बहिरूशेठ, माफ करा."

गोकुळ अण्णा धापा टाकत स्टेजवर चढले. "बास कर पोरी. लई केलंस. आता फायनल ऱ्हायलीय, आमी नुसतं सेकंद सांगून भागवतो."

अक्षदानं डोळे मिटले. थांबावं असं तिलाही एकदा वाटलं. पाठ तर तेच सांगत होती. पण ही पाठ तिला काही आजची नवी नव्हती. उभं राहिलं की दुखतं, बसलं की त्याहून दुखतं, उताणं पडलं की काही दिसत नाही. मग एकच राहिलं. ती हळूहळू कुशीवर वळली, मग पालथी झाली. कोपरं फळीवर टेकली आणि छाती उचलली. स्वप्ना मॅडमच्या दवाखान्यात रोज करायची तसंच. पाठीतला पीळ जरा सैलावला. डोकं स्टेजच्या कडेशी आलं होतं, आणि समोर होता फ्लेक्स. स्टेजच्या अख्ख्या पुढच्या बाजूला ताणून बांधलेला, मध्यभागी हात जोडलेले गोकुळ अण्णा.

"अण्णा, हा फ्लेक्स सोडा."

"आँ?"

"मला घाट दिसत नाही. तुमचा फोटो आडवा येतोय."

तात्यांनी तोंडावर उपरणं धरलं. अण्णांनी एकदा फ्लेक्सकडं पाहिलं, एकदा खाली खोळंबलेल्या गर्दीकडं. फायनलचे गाडे जुंपून तयार होते. मग अध्यक्ष स्वतः गुडघ्यावर बसले आणि सुतळ्या सोडायला लागले. एक गाठ सुटेना तेव्हा त्यांनी ती दातांनी ओढली.

फ्लेक्स खाली पडला आणि सगळ्या घाटाला स्टेजवर पालथी पडलेली पिवळ्या कुर्त्यातली पोरगी दिसली. कुणी शिट्टी मारली. हशाची एक लाट खालपर्यंत गेली. बायांच्या बाजूला बसलेल्या अक्षदाच्या आईनं पदर तोंडाशी नेला.

अक्षदानं माईक जवळ ओढला.

"मंडळी, माझी पाठ वाकडी आहे. लहानपणापासून आहे. आत्ता ती लई दुखतेय, म्हणून पालथी पडून बोलतेय. मला घाट इथून छान दिसतोय. तुम्ही बी आता घाटाकडंच बघा, कारण फायनलचा पहिला गाडा सुटतोय."

आणि गाडा खरंच सुटला. पुढं घोडी, मागं चार बैल, धुळीचा लोट चढ चढत वर येऊ लागला. पालथं पडल्यामुळं अक्षदाची नजर जमिनीलगत होती. बैलांचे खूर, चाकाखालून उडणारी माती आणि मागच्या जोडीतल्या पांढऱ्या बैलानं खाली घातलेली मान, जे तात्यांना खुर्चीवरून कधी दिसलं नव्हतं ते सगळं ती सांगत सुटली. श्वास डावीकडच्या बरगड्यांत भरत होता आणि लांबत होता. दुसऱ्या गाड्यापासून शिट्ट्या थांबल्या. तिसऱ्याला माळावरची माणसं उभी राहिली. शेवटच्या बारीत पांढऱ्या-तांबड्याची जोडी बारा सेकंदांच्या आत झेंड्याला भिडली. अक्षदानं "झाली" हा शब्द एवढा लांबवला की पलीकडच्या ओढ्यातून त्याचा आवाज परत आला. टोप्या, फेटे, टॉवेल सगळं हवेत होतं. तिच्याकडं आता कुणी बघत नव्हतं. याचाच तिला सगळ्यात जास्त आनंद झाला.

उठताना मात्र दोघांनी धरावं लागलं. गर्दीतून वाट काढत आई स्टेजपाशी आली. लेकीच्या पाठीवर, बरोबर त्या बाहेर आलेल्या हाडावर, सगळ्यांदेखत हात ठेवून तिला गाडीपर्यंत घेऊन गेली.

पुढचे काही दिवस अक्षदा अंथरुणातच होती. शेक, तेल, गोळ्या. स्वप्ना मॅडमनं फोनवर झाडली. "अख्खा दिवस करायला कुणी सांगितलं होतं?" मग आवाज उतरवून विचारलं, "पालथं पडायचं कसं सुचलं?"

"तुम्हीच रोज पाडता की."

"पुढच्या वेळी अर्धाच दिवस. दुसरा माणूस जोडीला पाहिजे."

हे बोलणं झालं त्याच दुपारी जुन्नरकडच्या एका गावाची माणसं आली. त्यांची यात्रा वैशाखात होती. आईनं सतरंजी टाकली, चहा ठेवला. अक्षदा जमिनीवर चटईवर आडवी होती. तिनं उठायचा प्रयत्न केला नाही, तशीच बोलली. अर्धा दिवस ती करेल, उरलेला अर्धा दुसऱ्या कुणी करावा. फळी पाहिजे, आणि स्टेजची पुढची बाजू मोकळी पाहिजे.

पाहुण्यांतला म्हातारा संकोचला. "ताई, आमाला काय घाई न्हाई. तुमी पयल्यांदा बऱ्या व्हा, मंग बोलू."

"पावणं, मी बरी व्हायची नाही," अक्षदा हसून म्हणाली. "ही पाठ अशीच राहणार. तुम्ही तारीख सांगा."

म्हाताऱ्यानं सोबतच्यांकडं पाहिलं आणि तारीख सांगितली. बुधवार येत होता, म्हणजे कॉलेजात रजा टाकावी लागणार होती. अक्षदानं मनाशी तो हिशेब केला, आईला चहात आलं जास्त घालायला सांगितलं, आणि मान पाहुण्यांकडं वळवून विचारलं, "तुमच्या घाटावर दुपारचं ऊन समोरून येतं का पाठीमागून?"