हलू नका

काकांनी एकतीस वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगितली. श्वास धरा, हलू नका, आता सोडा. इस्पितळाच्या तळघरात एक्स-रेची खोली होती आणि तिथे भलेभले दांडगे लोकही त्यांच्या एका शब्दावर ताठ उभे राहत. निवृत्त झाल्यावर काकांच्या मनात आलं, माणूस आतून कसा असतो ते पोटभर बघून झालं, आता वरून कसा दिसतो ते बघावं. म्हणून त्यांनी चित्रकलेची एक वही घेतली, सहा पेन्सिली घेतल्या आणि छापखान्याच्या माडीवर दर रविवारी सकाळी भरणाऱ्या हौशी चित्रकारांच्या मंडळात नाव घातलं. तिथे ते जे खुर्चीत बसले, ते दोन वर्षं उठलेच नाहीत.

त्याचं असं झालं. पहिल्याच रविवारी समोर बसायला ठरलेला माणूस आला नाही. मंडळ चालवणाऱ्या मॅडम, म्हणजे भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, "काका, तुम्ही नवीनच आहात. आजच्या दिवस बसता का?" काका पडले भिडस्त. बसले. आणि असे बसले की पापणीसुद्धा हलली नाही. दुसऱ्यांना सांगता सांगता न हलणं त्यांच्याच अंगात मुरलं होतं. मंडळाला घबाडच मिळालं. पुढच्या रविवारी मॅडमचं कोळशाचं चित्र अर्धं राहिलं म्हणून काका बसले, त्याच्या पुढच्या रविवारी बाकीच्यांचंही राहिलं म्हणून. मग मंडळाला नव्या नव्या माध्यमांचं वेड लागलं आणि मॅडमनी नियम काढला. माध्यम बदललं तरी चेहरा तोच हवा, नाहीतर फरक माध्यमाचा की माणसाचा हे कळणार कसं? यात चूक काढायला जागाच नव्हती. जलरंग झाले, तैलरंग झाले, लिनोवर कोरून छापे झाले, कागदाचे कपटे चिकटवून झाले, आणि दर वेळी खुर्चीत काकाच.

घरी हे सांगायची सोय नव्हती. काकू शिवणकाम करायच्या. रविवारी दुपारी काका घरी आले की मशीनवरून मान न उचलता त्या विचारायच्या, "काय काढलं आज?"

"बाटली."

"मागच्या रविवारीही बाटलीच होती की."

"आज दुसऱ्या बाजूने काढली."

शनिवारी संध्याकाळी काका सहाही पेन्सिलींना टोक काढायचे. न वापरलेल्या टोकावर पुन्हा टोक. पेन्सिली दिवसेंदिवस आखूड होत चालल्या होत्या, त्यामुळे काकूंना संशय यायचं कारण नव्हतं. वही मात्र अजून दुकानातल्या प्लास्टिकच्या वेष्टनातच होती, आणि ती पिशवीतून बाहेर निघणार नाही याची काका डोळ्यांत तेल घालून काळजी घ्यायचे.

तसं पाहिलं तर काका चित्र काढत नव्हते असंही नाही. खुर्चीत बसलं की त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट गुडघ्यावर हळूहळू फिरत राहायचं. ते काढायचे काकूंचा कान. कवटीच्या फिल्मवर सगळं येतं, फक्त कान दिसत नाही. एकतीस वर्षांत हजारो डोकी बघूनही त्यांनी कान असा नीट बघितलाच नव्हता. निवृत्तीनंतर सकाळचा चहा घेताना खिडकीशी मशीनवर बसलेल्या बायकोचा कान पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत भरला. मुलगी तान्ही असताना तिने कानातलं ओढलं होतं, पाळी फाटली होती, दोन टाके पडले होते. तिथे अजून एक बारीकशी खाच होती. ती खाच गुडघ्यावर काढून काढून त्यांच्या पँटचा तेवढाच भाग गुळगुळीत झाला होता. मंडळात मात्र सगळ्यांची एकच तक्रार, की काकांचा बाकी सगळा माणूस जमतो, उजवा हात काही जमत नाही. कुणी तो खिशात घातला होता, कुणी त्यावर रुमाल टाकून वेळ मारून नेली होती.

आणि आता मंडळाचं प्रदर्शन आलं होतं, पुढच्या रविवारी. काकूंनी स्वतःहून जाहीर केलं, "मी येणार. तुमचं एक तरी चित्र असेल ना भिंतीवर?"

"असेल की," काका म्हणाले, आणि टोक असलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक काढायला बसले.

म्हणून प्रदर्शनाच्या आदल्या रविवारी काकांनी निश्चय केला. आज मी बसणार नाही. घरापासून छापखान्यापर्यंत त्यांनी हे वाक्य घोकलं, जिन्यात दोनदा मोठ्याने म्हटलं. वर पोचले तर खुर्ची खिडकीशी सरकवलेली, तिच्या पाठीला चादर गुंडाळलेली, आणि मंडळातले दातांचे डॉक्टर बाह्या वर करून पांढरी पावडर कालवत उभे.

"या काका! आज प्लास्टर. तुमच्या चेहऱ्याचा साचा घ्यायचा, मग त्यातून मुखवटा. प्रदर्शनात मधोमध तोच ठेवायचा."

"आज मी..." काका म्हणाले.

"घाबरू नका हो, माझं रोजचंच काम आहे," डॉक्टर म्हणाले. "मी दातांपुरता साचा घेतो, आज जरा वरपर्यंत जायचं, एवढंच."

मॅडमनी तोवर त्यांच्या हातातली पिशवी घेऊन खुंटीला अडकवलीसुद्धा. काका बसले. बसताना त्यांना स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली, पण रागावून उठून जायचं कसं हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

चेहऱ्याला व्हॅसलिन चोपडलं गेलं. भुवयांना दुप्पट. मग ओल्या पट्ट्या आल्या, कपाळावर, डोळ्यांवर, गालांवर, आणि शेवटी ओठांवर. नाकपुड्यांपुरती दोन भोकं राहिली. तेवढी सोडून पट्ट्यांवर डॉक्टरांनी घट्ट प्लास्टर थापलं. "वीस मिनिटं," त्यांचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा आला. "काही त्रास झाला तर डावा हात वर करा. बाकी हलू नका."

काकांचंच वाक्य काकांना परत मिळालं. आत मिट्ट काळोख होता. प्लास्टर घट्ट होताना गरम होतं हे त्यांना इस्पितळापासून ठाऊक होतं, पण माहीत असणं वेगळं आणि तोंड त्यात असणं वेगळं. गाल आखडले. ओठ हलवून बघितले, हलले नाहीत. पुढच्या रविवारी काकू दारात उभ्या राहतील आणि विचारतील, यातलं तुमचं कुठलं? त्या वेळी तरी हे तोंड उघडेल का?

"फार कालवलं गेलं," डॉक्टर म्हणाले. "उरलेलं टाकू कुठे?"

"माझ्या ट्रेमध्ये ओता तूर्तास," हा मंडळातल्या बेकरीवाल्याचा आवाज. तो रंग, ब्रश सगळं बेकरीतल्या ट्रेमध्येच घालून आणायचा. ट्रे काकांच्या उजवीकडे स्टुलावर ठेवल्याचा आवाज झाला.

मग मंडळी आपापसात गप्पा मारू लागली. समोरच्या माणसाचं तोंड बंद केलं की त्याचे कानही बंद होतात, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

"काका आहेत म्हणून आपलं चाललंय," मॅडम म्हणाल्या. "त्यांना स्वतःला काही काढायचं नसतं, हे किती बरं."

"वही आणतात की दर वेळी," बेकरीवाला म्हणाला.

"अहो, ती नुसती आणतात. सवय हो."

काकांना रडू आलं. पण रडायलाही चेहरा लागतो, आणि तो त्या वेळी त्यांच्या ताब्यात नव्हता. त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून घसरला, खुर्चीबाहेर लोंबला आणि बोट थंड, मऊ कशात तरी टेकलं. ट्रेमधलं प्लास्टर नुकतं आळायला लागलं होतं.

बोटाने विचारलं नाही. बोट कानापासून सुरू झालं. वरची कड, आतली वळणं, पाळी, पाळीवरची खाच. गुडघ्यावर रेघ उमटत नसे, इथे बोटाखाली ती राहत होती, परत जाऊन चाचपली तरी तिथेच होती. काकांनी गाल काढला, कपाळ काढलं, नाक काढलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी काढलं होतं आणि ते पुसलं गेलं नव्हतं. प्लास्टर बोटाला जुमानेनासं झालं तेव्हाच त्यांनी हात उचलला. आता काकू खुशाल येऊ देत, असं त्यांना वाटलं.

"अरे, माझा ट्रे!" बेकरीवाला एकदम म्हणाला. "उद्या पहाटे लागणार मला. घट्ट बसलं तर निघायचं नाही. उपडा करून बादलीत ठोकतो."

काकांनी डावा हात वर केला.

"श्वास चालू आहे, काका," डॉक्टर म्हणाले. "पाचच मिनिटं राहिली."

काकांनी हात आणखी उंच केला, जोरजोराने हलवला.

"माझ्याकडे दिवसाला दहा जण असा हात वर करतात," डॉक्टर हसत म्हणाले. "मी थांबत नाही, आणि नंतर तेच मला धन्यवाद देतात."

स्टुलावरून ट्रे उचलल्याचा आवाज आला. पावलं बादलीकडे निघाली. एक, दोन, तीन. काकांचं सगळं अंग सांगत होतं, हलू नका. एकतीस वर्षं सांगत होती, भिडस्त स्वभाव सांगत होता, भिंतीवरच्या चित्रांतले सगळे काका सांगत होते.

काका उठले.

साचा गालांवरून सुटला, छातीवर आपटला आणि जमिनीवर पडून त्याचे चार तुकडे झाले. मॅडम किंचाळल्या. उजेडाने काकांचे डोळे दिपले, भुवईचे निम्मे केस प्लास्टरबरोबर गेले होते, पण त्यांना बादलीवर तिरपा झालेला ट्रे तेवढा दिसला.

"ठेवा ते खाली," काका म्हणाले. त्या माडीवर त्यांनी इतक्या मोठ्याने बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

बेकरीवाल्याने घाबरून ट्रे त्यांच्या हातात दिला. सगळे भोवती जमले.

"हे काय आहे? नकाशा?" बेकरीवाल्याने विचारलं.

"नकाशा नव्हे हा," मॅडम अधिकाराने म्हणाल्या.

काकांनी स्वतः बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. डोळे मिटून काढलेलं ते, नाक गालाच्या बाहेर पडलं होतं, एक डोळा हनुवटीपाशी उतरला होता, ओठ कुठे होते ते त्यांनाही सापडेना. मनात जे दिसलं होतं त्याच्या पासंगालाही ते पुरत नव्हतं. फक्त कान तेवढा होता तसा आला होता, खाचेसकट.

"माझं चित्र आहे," ते म्हणाले. "प्रदर्शनात ठेवायचं."

"ठेवू की, ठेवू," मॅडम घाईघाईने म्हणाल्या. "पण आता मुखवट्याचं काय? पावडर उरलीय अजून. बसा बघू काका, पुन्हा एकदा. तुमच्याशिवाय कोण बसणार?"

काकांचे गुडघे वाकले. खरंच वाकले, सवयीने, खुर्चीच्या अर्ध्यापर्यंत खाली गेले. मग त्यांनी ट्रे खिडकीत ठेवला, खुंटीवरची पिशवी काढली आणि वहीचं प्लास्टिक दातांनी फाडलं.

"तुम्ही बसा," ते मॅडमना म्हणाले.

मॅडमनी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी बेकरीवाल्याकडे, बेकरीवाल्याने बादलीत. शेवटी मॅडम बसल्या. दोन मिनिटांत त्यांचं नाक खाजायला लागलं.

"श्वास धरा," काका आखूड पेन्सिल हातात घेत म्हणाले. "हलू नका."

पुढच्या रविवारी काकू इस्त्रीचे कपडे घालून माडीवर आल्या आणि दारातच थबकल्या. तीन भिंतींवर नवरा. कोळशाचा नवरा, तेलाचा नवरा, कपट्यांचा नवरा, तेवीस नवरे, आणि एकालाही धड उजवा हात नाही.

"दोन वर्षं बाटली काढत होतात ना?" त्यांनी विचारलं.

"मी बसत होतो गं," काका म्हणाले. "मला नाही म्हणता आलं नाही."

तेवीस नवऱ्यांसमोरून काकू न थांबता पुढे गेल्या आणि खिडकीतल्या ट्रेपाशी उभ्या राहिल्या. बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी एक बोट त्या खाचेवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने आपली पाळी चाचपली.

"कान माझा आहे," त्या म्हणाल्या. "बाकीची बाई कोण?"