तीन नंबर दमतं कधी

तीन नंबरचा जनरेटर सलग चार तास साठ मेगावॅटवर चालवायचा, तापमान लिहीत राहायचं. ते एकशे वीस अंशांच्या आत स्थिरावलं तर मशीन पास, नाहीतर उद्यापासून कायमचं बंद. एवढंसं काम! पण वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये चाचणीवाल्या बाई त्यासाठी तीन दिवस डोकं आपटत होत्या.

कारण आबा. तीस वर्षं त्या मशीनवर बसलेले ऑपरेटर. स्वतःला शिंक आली तरी मशीनला सर्दी झाली का, ते आधी बघणारे. पहिल्या दिवशी तिसऱ्या तासाला लोडचा काटा साठावरून पन्नासावर आला. दुसऱ्या दिवशी तेच. आज सकाळी पुन्हा!

"आबा, लोड कुणी उतरवला?"

"मी. दमलं होतं हो ते."

"मशीन दमत नाही!"

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही सोमवारी आलात."

"अहो, दमवायलाच आलेय मी त्याला! असंच चाललं तर उद्या भंगारात जाईल. आणि घालवणार कोण? तुम्ही!"

आबांचा चेहरा उतरला. "बरं, पुन्हा करा चाचणी. मी हात लावत नाही."

हे वाक्य बाईंनी तीन दिवसांत सात वेळा ऐकलं होतं. त्यांनी आबांच्या एका हातात वही कोंबली, दुसऱ्यात पेन. "दर मिनिटाला लिहायचं. एक आकडा हुकला की चाचणी रद्द."

आबा लिहीत सुटले. घाम पुसायला हात मोकळा नव्हता. मशीन असं घुमत होतं की कपातला चहा चमच्याशिवाय ढवळला जात होता.

चार तास भरले. आबांनी चष्मा सरसावून पुन्हा पाहिलं. शहाऐंशी अंश. गेला दीड तास शहाऐंशीच.

"पास!" बाई खुर्चीत कोसळल्या. "मजेत आहे की तुमचं मशीन!"

आबा हसले नाहीत. काचेपलीकडच्या जनरेटरकडे ते डोळे वटारून बघत होते.

"तीस वर्षं जपलं ह्याला. धाकटीच्या लग्नातून अर्ध्यावर पळत आलो, दमलं असेल म्हणून. आणि हा गडी नुसता लोळत होता?"

"आबा, इथे सही करा."

"सही राहू दे! बासष्ट मेगावॅटवर चढवतो. बघतोच कसा दमत नाही ते!"

"आबा, हात काढा!" बाई खुर्ची उलटवून धावल्या.