प्लंबरच्या मागे लागलेली माणसं

होडी दिवाणखान्यात आली त्याच दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं, की या घरात एक तर ही राहील, नाहीतर मी. नवरा म्हणाला, "आई, होडीला पाय नाहीत. तू तरी जाऊ शकतेस." त्यानंतर आठवडाभर त्याला कुणी धड जेवायला वाढलं नाही.

होडी त्याच्या बायकोची. कनू म्हणतात असल्या होडीला. गुडघे टेकून बसायचं, एकच वल्हं घ्यायचं आणि शहाणी माणसं जिथून काठाकाठानं जातात तिथे, खडकांमधून फेसाळत धावणाऱ्या पाण्यात, मुद्दाम घुसायचं. पुढे-मागे दोघं बसतील एवढी लांब. लग्नानंतर नवरा एकदा पुढे बसला होता. उलटला, काठावर आला, आणि तेव्हापासून तो जेवणाचे डबे सांभाळतो.

त्याची बदली झाली आणि सगळं बिऱ्हाड या गावात आलं. तिला दातांच्या लॅबमध्ये काम मिळालं. दिवसभर मापावरून कवळ्या करायच्या, परक्यांच्या दाढा घासून गुळगुळीत करायच्या. नकाशावर तासाभराच्या अंतरात तीन नद्या होत्या. तिन्ही ती पुलांवरून वाकून वाकून बघून आली, आणि तिन्ही अशा होत्या की तिच्या तोंडाला पाणी सुटलं. नव्हती ती माणसं. जुन्या गावात नऊ जणांची टोळी होती आणि टोळीचा नियम एकच: तिघांशिवाय पाण्यात नाही. एक उलटतो, दुसरा त्याला काढतो, तिसरा पळती होडी धरतो. एकदा ती स्वतः खडकाखाली अडकली होती. दुसऱ्यानं काढली म्हणून आज कवळ्या करत होती. हा नियम ती कुणासाठीही मोडणार नव्हती.

तिनं शोध सुरू केला. जुन्या नौका मंडळाचा नंबर फिरवला, तर तिकडे शिवणवर्ग निघाला, आणि बाईंनी तिला तिथल्या तिथे ब्लाउजच्या तुकडीत बसवायला घेतलं. खेळाच्या दुकानदारानं नदीचं नाव ऐकून पोहण्याचा चष्मा गळ्यात मारला. लॅबमधल्या डॉक्टरांनी मात्र रस घेतला. "उलटलात तर दात पडतात का हो?" त्यांनी आशेनं विचारलं.

शेवटी घरात तह झाला. महिनाअखेरपर्यंत माणसं मिळाली तर होडी राहील, नाहीतर हायवेवरच्या हॉटेलवाल्याला द्यायची. त्याच्याकडे दाराशी एक होडी आधीच होती. तिच्यात तो बर्फ भरून सॅलड मांडायचा आणि त्याला तिची जोडी हवी होती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहा वाजता तो टेम्पो घेऊन येणार होता. आपल्या होडीत काकड्या, या विचारानं तिची झोप उडाली होती.

गुरुवारी कामावर जाताना सिग्नलला तिला पुढे एक व्हॅन दिसली. टपावर दोन आडवे दांडे, दांड्यांना फोमच्या नळ्या गुंडाळलेल्या, वर निळा पट्टा. फोम! टपावरच्या वस्तूवर जीव असल्याशिवाय कुणी दांड्यांना फोम लावत नाही. तिनं लॅबला ताप आल्याचं कळवलं आणि व्हॅनच्या मागे लागली. व्हॅन हार्डवेअरच्या दुकानाशी थांबली, मग पेट्रोल पंपावर, मग एका बिल्डिंगखाली. ही प्रत्येक ठिकाणी मागे. शेवटी आतून पन्नाशीचा एक माणूस पाना घेऊन उतरला आणि सरळ तिच्या खिडकीशी आला.

"नदीवाल्या का?"

तिनं मान डोलावली.

"मी प्लंबर आहे, ताई. टपावर पाइप नेतो. नुसत्या दांड्यावर ते वाजतात आणि माझं डोकं उठतं, म्हणून फोम. झालं समाधान?"

"पण तुम्हाला कसं कळलं, मी..."

"तुम्ही तिसऱ्या आहात. पहिला लागला मागे तेव्हा वाटलं बायकोनं माणूस ठेवलाय माझ्यावर. दोन दिवस सरळ घरी गेलो." त्यानं व्हॅनमधून बिलांचं बाड काढलं आणि त्यातून दोन चिठ्ठ्या ओढल्या. "दोघंही म्हणाले, कुणी भेटलं तर नंबर द्या. हे घ्या."

पहिला नंबर एका क्रेनवाल्याचा. त्यानं फोन उचलला तेव्हा तो क्रेनवर, हवेत कुठेतरी होता. त्यानं एकच विचारलं, "कधी?" दुसरा नंबर गणिताच्या निवृत्त सरांचा. तिचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "होडी विकली मी. दोन वर्षं झाली. हायवेवरच्या हॉटेलवाल्याला."

तिनं विचारलं, "आणि वल्हं?"

"वल्हं कुणी विकतं का?"

रविवारी पहाटे होडी दारातून काढताना सासूबाईंनी वाट अडवली. "दहाला तो माणूस आला तर काय सांगू?"

"परत आल्यावर बोलते म्हणावं."

"आणि परत नाही आलीस तर?"

"मग होडीच्या जागी सोफा परत आणा."

सासूबाई खळखळून हसल्या. दात अर्थातच सुनेनं केलेले होते. "ये गं बाई परत," त्या म्हणाल्या, आणि होडीचं मागचं टोक स्वतः उचलून जिन्यापर्यंत आल्या.

नदीवर डबे घेऊन नवरा होता, आणि नुसता तमाशा बघायला प्लंबरही आला होता. क्रेनवाल्यानं आपली होडी उतरवली. सर जुनं हेल्मेट घालून आले.

"तुम्ही राहता कुठे, सर?" क्रेनवाल्यानं विचारलं.

"पाण्याच्या टाकीमागे."

"मी टाकीसमोर."

"कधीपासून?"

"सहा वर्षं."

सरांनी हेल्मेटचा पट्टा आवळला. मग तिच्या होडीत, गुडघे टेकून तिच्या पुढे बसले. पहिल्या उतारावर होडीनं नाक खुपसलं, पाणी तोंडावर आलं आणि सरांनी अशी एक सणसणीत शिवी हासडली, की ऐकली असती तर शाळेनं निवृत्तिवेतन बंद केलं असतं. ती ओरडली, "डावीकडे, सर!" त्यांनी वल्हं घातलं, नेमकं, हवं तिथे, आणि होडी खडकाला चाटून खालच्या शांत पाण्यात आली. तिला रडू आलं. चेहरा ओलाच होता म्हणून कुणाला कळलं नाही.

काठावर येताच सर प्लंबरसमोर उभे राहिले. "काय रे, इतकी वर्षं याचा नंबर तुझ्या बाडात होता. माझाही होता. एकदा तरी सांगावंसं नाही वाटलं?"

प्लंबरचा चेहरा पडला. "मला वाटलं तुम्ही ओळखता एकमेकांना. असली दोन येडी एकाच गावात न ओळखता राहतील, असं कुणाला वाटेल, सर?"

खाली वाकून सरांनी तिच्या होडीच्या कडेवरून हात फिरवला. "माझी हिरवी होती," ते म्हणाले.

नवऱ्यानं फोन पुढे केला. पलीकडे हॉटेलवाला होता. त्यांच्या घराच्या दारात उभा, मागे टेम्पो चालू, आणि सासूबाई त्याला आत घेत नव्हत्या.

"नाही, होडी विकायची नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही हॉटेलवरच थांबा. आम्हीच येतोय. सॅलड तेवढं काढून ठेवा."

तिनं फोन ठेवला आणि प्लंबरकडे वळली. "दादा, सरांची ती होडी बोल्टनं बसवलीय म्हणे."

प्लंबर आधीच व्हॅनमधून पाने काढत होता. "टपावर जागा आहे," तो म्हणाला. "फोमही आहे."