पायाळू

सिझेरियन म्हटलं की लोक निर्धास्त होतात, जणू पोट उघडलं की बाळ आपणहून बाहेर येऊन बसतं. बाहेर बाकावर सासूबाई तशाच निर्धास्त होत्या. आत त्यांची डॉक्टर सून मात्र मनातून टरकली होती, कारण टेबलावर तिची सख्खी नणंद होती. दिवस भरायला अजून तीन महिने होते, पण कळा थांबत नव्हत्या; बाळ पायाळू, वजन जेमतेम पाऊण किलो. याआधीचे दोन गर्भ टिकले नव्हते. दुसरी सर्जन रजेवर होती, म्हणून घरच्या माणसावर सुरी धरायची नाही हा नियम गुंडाळून ठेवावा लागला.

एवढ्याशा बाळाचं डोकं धडापेक्षा मोठं. खालून जन्माला घालावं तर धड सुटून डोकं अडकण्याची भीती, म्हणून पोटावरून. पण डोकं तिथंही अडकतं. इतक्या लवकर गर्भाशयाची भिंत जाड असते, छेद ऐसपैस हवा. डॉक्टरणीचा सगळा तोरा मात्र छोट्या, सुबक छेदाचा, आणि हात नेमका सवयीवर गेला.

पाय आले, कंबर आली, खांदे आले. मग भिंत आकसली आणि मानेपाशी सगळं थांबलं.

तिनं ओढलं. ओढायचं नसतं, हे विद्यार्थ्यांना सांगून सांगून तिचा घसा बसायचा, तरी ओढलं.

नणंद कमरेखालीच बधिर होती, कान शाबूत होते. "वहिनी, तू गप्प का झालीस?"

"डोकं अडकलंय. छेद वर वाढवावा लागेल. पुढच्या खेपेला पिशवी फाटायची भीती राहील."

"मग विचारत काय बसलीस? काप."

तिनं कापलं. मुलगी बाहेर आली ती पांढरीफटक, हातपाय लुळे पडलेली. बालरोगतज्ज्ञांनी नळी घातली आणि श्वास द्यायला लागले. ठोके वाढेपर्यंत डॉक्टरणीला टाकेही नीट दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी नणंदेला चाकांच्या खुर्चीतून काचेच्या पेटीपाशी आणलं. मुलीच्या मांडीवर काळेनिळे डाग होते. हे काय, तिनं विचारलं.

"माझी बोटं. छेद मी लहान घेतला, आणि मग ओढलं. दोन्ही चुकलं."

नणंद पेटीकडे बघतच म्हणाली, "ही गेली तर मी तुला माफ करणार नाही."

"नको करूस."

त्यानंतर नणंद तिच्याशी चकार शब्द बोलली नाही. सासूबाईंनी मध्ये पडून पाहिलं, पण दोघींनीही त्यांना दाद दिली नाही. डॉक्टरीण रोज यायची, लांब उभी राहायची. मुलगी कधी सुधारायची, कधी श्वास घ्यायचंच विसरायची, आणि पेटीवरच्या यंत्राची घंटा वाजली की डॉक्टरीण दोन पावलं पुढे यायची आणि तिथंच थांबायची.

मग एका सकाळी नणंदेनं तिला हातानंच जवळ बोलावलं. मांडीवरचे डाग कडेनं पिवळे पडायला लागले होते.

"मेलेल्या अंगावरचे डाग असे पिवळे पडतात का गं?" नणंदेनं विचारलं.

"नाही," डॉक्टरीण म्हणाली, आणि मटकन खाली बसून रडली.