हे कपाट कुणाचं?

मित्रांनो, तुमच्या घरी फ्रिज आहे, म्हणून कदाचित तुम्ही मला ओळखणार नाही. फ्रिज यायच्या आधी दूध, भाकऱ्या आणि उरलेलं कालवण मांजरापासून जपायला घरात एक लाकडी कपाट असे. त्याच्या दारांना बारीक तारेची जाळी लावलेली असे. आतल्या अन्नाला वारा लागायचा आणि माश्या बाहेर राहायच्या. मी तसलंच एक जुनं जाळीचं कपाट आहे. पेणच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावात, खाडीच्या बांधाजवळ, हिरामणच्या घरात मी राहतो.

माझा जन्म मात्र रोह्याचा. कुंडलिका नदीच्या पलीकडे अष्टमी गावात मोरू मेस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं. तरुणपणी ते मुंबईला इमारतींच्या कामावर होते. तिथल्या काही इमारतींच्या माथ्यावर त्यांनी उगवत्या सूर्याची नक्षी पाहिली आणि ती त्यांच्या मनात घर करून बसली. हिरामणचे वडील विठू मिठागरात काम करायचे. दूध ठेवायला साधंसं कपाट हवं, एवढंच सांगून ते गेले होते. न्यायला आले तेव्हा माझ्या माथ्यावर सागाच्या पट्ट्यांचा अर्धा सूर्य उगवला होता. माझे कोपरे गोल वळवले होते आणि दारांना चिनी मातीच्या पांढऱ्या मुठी बसवल्या होत्या.

"मेस्त्री, एवढं कुठं सांगितलं व्हतं मी?" विठू गोंधळून म्हणाले.

"रोज नजरेसमोर राहायची वस्तू हाय. बघायला बरी नको?" मेस्त्री म्हणाले.

ते बोलणं ऐकून मी आतून फुललो. पुढे कितीतरी वर्षं मी तसाच फुललेला होतो. माझे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवलेले असत, मुंग्या चढू नयेत म्हणून. लहानगा हिरामण माझ्यातली साय चोरायचा आणि माझ्या दाराची मूठ चिकट करून ठेवायचा. विठू गेल्यानंतर हिरामण दर गणपतीआधी मला खोबरेल लावून पुसू लागला. मला वाटायचं, तो मला नाही, आपल्या बापाचे हात पुसतोय.

हिरामणची मुलगी किमया शिकली. नागोठण्याजवळच्या एका कंपनीत तिला ऑफिसात नोकरी लागली आणि पहिल्या काही पगारांतून तिने घरात फ्रिज आणला. त्यात वाईट वाटण्यासारखं काहीच नव्हतं. तिच्या आईला, अनिताला, केवढा आराम मिळाला. पण माझं काम संपलं. मला स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात आणलं. माझ्या पोटात बंद पडलेले बल्ब, वायरी, पकडी आणि पाने येऊन पडले. जाळी एका ठिकाणी फाटली, तिथे हिरामणने तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. समोर नवा सोफा आला, भिंतींना नवा रंग आला. त्या सगळ्यात तो पत्रा मिरवत उभं राहायची मला लाज वाटू लागली. मी अंग चोरायला शिकलो. लाकडाला अंग चोरता येत नाही, हे मला कळत होतं, तरीही.

गेल्या वर्षी किमयाने ऑफिसातल्या माणसांना गणपतीला बोलावलं. हिरामणने हमरापूरहून मूर्ती आणली. किमया चार दिवस घर आवरत होती. माझ्यासमोर आली आणि थांबली.

"बाबा, ह्याला आता कुठंतरी ठेवूया ना?"

"राहू दे गो. माझ्या बापाचं हाय," हिरामण म्हणाला.

तिने वाद घातला नाही. मखराचा उरलेला पडदा तिने माझ्यावर सोडला. मला बरंच वाटलं. निदान पत्रा तरी झाकला गेला.

पाहुणे आले. आरती झाली, मोदक झाले, हसणं-बोलणं झालं. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलत होता. हलता हलता तो सरकला आणि खाली पडला. किमयाच्या मोठ्या मॅडम उठून थेट माझ्यासमोर आल्या. त्यांनी मान वाकडी करून माझा माथा पाहिला आणि गोल कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"किमया, हे कपाट कुणाचं?"

किमयाचा चेहरा लाल झाला. तिला वाटलं, मॅडम आता हसणार. ती घाईघाईने म्हणाली, "आमचं नाही मॅडम. शेजाऱ्यांचं आहे. त्यांच्याकडे जागा नाही, म्हणून ठेवलंय इथे."

"अगं, मग त्यांना सांग, विकू नका म्हणावं," मॅडम म्हणाल्या. "हा सूर्य बघ. पट्ट्या कशा लहान-मोठ्या लावल्यात! कुणीतरी दूध ठेवायच्या कपाटावर इतका जीव लावला. असं काम आता बघायला मिळत नाही."

किमयाने खाली पडलेला पडदा उचलला. आपलंच आहे, हे आता कसं सांगणार? तेवढ्यात तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. हिरामण चहाचा ट्रे हातात धरून उभा होता. तो केव्हापासून तिथे होता, ते मला माहीत होतं. त्याने सगळं ऐकलं होतं. तो पुढे आला, सगळ्यांना हसून चहा दिला आणि आत निघून गेला.

गणपतीचं विसर्जन झालं, तशी हिरामणने माझ्या पोटातली अडगळ काढली. किमया कामावर गेली होती. त्याने अनिताला हाक मारली आणि दोघांनी मला उचलून परसातल्या लाकडांच्या खोपीत नेऊन ठेवलं.

"हितं कशाला?" अनिताने विचारलं.

"पोरीला चारचौघांत जड जातं," तो म्हणाला. "आपण काय, कुठंही बघू त्याला."

संध्याकाळी किमया आली. रिकामा कोपरा तिने पाहिला. ती खोपीच्या दारापर्यंत आली, मला पाहिलं आणि परत गेली. दुसऱ्या दिवशीही आली. कपाट का हलवलं, एवढंच विचारायचं होतं. पण तसं विचारलं असतं, तर आपण काय बोललो होतो तेही बोलावं लागलं असतं. म्हणून बाप आणि लेक एका ताटाशेजारी दुसरं ताट मांडून जेवत होते, आणि त्या कोपऱ्याकडे दोघंही बघत नव्हते.

मग पौर्णिमेचं उधाण आलं. भर दुपारी खाडीचा बांध फुटला. गावातले पुरुष माती टाकायला धावले, हिरामणही गेला. खारं पाणी शेतांतून परसात आणि परसातून खोपीत शिरलं. माझे पाय बुडाले, खालचा कप्पा बुडाला. साग असला, तरी खाऱ्या पाण्यात किती दिवस टिकणार? मनात म्हटलं, बरं झालं. आता कुणाला आपल्यापायी खोटं बोलायला नको.

"आये, धर गो!" असा आवाज आला. किमयाला त्या दिवशी सुट्टी होती. गुडघाभर पाण्यातून ती आली होती आणि मागून अनिता. ओला साग जड होतो. दोनदा मी त्यांच्या हातातून निसटलो. एकदा किमयाचं बोट माझ्याखाली चेंगरलं, तरी तिने सोडलं नाही. ओढत, रेटत दोघींनी मला ओटीवर आणलं.

पाणी ओसरल्यावर हिरामण चिखलाने माखून घरी आला. किमया गोड्या पाण्याच्या बादल्या ओतून मला धूत होती. चुलीच्या धुराचा जुना थर निघून माझे कोपरे उजळले होते. तो पायरीवर टेकला.

"बाबा," ती पाठमोरीच म्हणाली, "मी मॅडमना खोटं सांगितलं."

"माझ्या कानावर पडलं व्हतं."

"मग तेव्हाच बोललात का नाय?"

"काय बोलू? तुझ्या मानसांसमोर तुला खोटी पाडू?"

किमयाच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती तिथेच, ओल्या ओटीवर बसली आणि रडली. हिरामण तिच्या डोक्यावर हात ठेवायला उठला. मग आपल्या हाताचा चिखल पाहून थांबला.

मी पुन्हा बाहेरच्या खोलीत आलो. फाटक्या जाळीच्या जागी किमयाने नवी जाळी बसवून घेतली. माझ्या कप्प्यांत आता फळं आणि खाऊचे डबे असतात. सोमवारी ऑफिसात जाऊन तिने मॅडमना खरं काय ते सांगितलं. तिथे काय झालं, ते मला माहीत नाही. घरी आली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते आणि चेहरा मोकळा होता.

आता गोष्ट इथे संपली असती, तर मला आवडलं असतं.

परवा रविवारी किमयाची मैत्रीण अपेक्षा गाडी घेऊन आली. हिरामण जेवत होता. गाडीचा आवाज ऐकताच तो ताटावरून उठला आणि उष्ट्या हाताने येऊन माझ्यापुढे उभा राहिला. मी दिसू नये म्हणून त्याने खांद्यावरचा टॉवेलही थोडा पसरला. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. एवढ्या दिवसांत कुणी आलं की तो असाच उभा राहतो, हे मला ठाऊक होतं. किमयाने ते पहिल्यांदाच पाहिलं.

"बाबा, जेवा ना तुम्ही. तिला कपाट बघायचंच आहे."

"व्हय, व्हय, जेवतो," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. त्याच्या पाठीचा घाम माझ्या नव्या जाळीला लागत होता. किमया त्याच्याकडे बघत राहिली. तिची मान खाली गेली. मग ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली आणि त्याचा उष्टा हात तिने आपल्या हातात घट्ट धरला.

मित्रांनो, पाण्यात भिजलेलं लाकूड उन्हात वाळतं, फाटलेली जाळी बदलता येते. तुमच्या घरातही एखादा जुना पाट असेल, नक्षीची खिडकी असेल, आजोबांची खुर्ची असेल. कुणीतरी ती मन लावून घडवली आहे, तर जरा थांबून ती नीट बघा. आणि पाहुण्यांसमोर तिची लाज वाटू लागली, तर तोंड उघडण्याआधी एकदा दाराकडे बघून घ्या. तिथे चहाचा ट्रे घेऊन कुणीतरी उभं असेल.