भांडायला माणूस हवा

न्जोंबेच्या बाजारात सांगाचं खिळे-पत्र्यांचं दुकान माझ्या शिवणाच्या दुकानाला लागूनच आहे. करखात्याचे चौलासाहेब वर्षानुवर्षं तिथं यायचे, पत्र्यांच्या ढिगाकडे बघून अंदाजानं कर ठरवायचे आणि सांगा त्यांच्याशी कडाकडा भांडायचा. भांडण रंगात आलं की सांगाची बायको एडिना आल्याचा चहा आणि उकडलेले बटाटे पुढे ठेवायची.

मग पावतीची मशीन आली आणि पाठोपाठ फोनवरून कर भरणं. बाजारात बोलवा झाली, की मशीन थेट दार-ए-सलामच्या मोठ्या करकचेरीशी बोलते, घरात काय शिजलं तेही कळवते. काहींनी तर तिच्यावर फडकं टाकून ठेवलं. सांगा मात्र खूश होता. "आता चौलाचं तोंड बघायला नको."

पण हळूहळू त्याची चिडचिड वाढली. मशीन अडकली की मदतीच्या नंबरवर नुसतं गाणं वाजायचं.

"भांडायचं तरी कुणाशी?" तो मला म्हणाला. "चौला निदान ऐकून घ्यायचा."

"ऐकून घेऊन कर वाढवायचा."

"वाढवायचा. पण समोर बसून वाढवायचा."

एका गारठ्याच्या सकाळी चौलासाहेब दारात उभे. आता रिटायर झालेले, बसस्टँडजवळ कोंबडीच्या पिलांचं दुकान काढलेलं. काखेत मशीन.

"सांगा, ही बया नुसता कोरा कागद ओकते. ऑफिसातली पोरं म्हणतात, फोनवर बघा."

"तुम्हीच ना ही आमच्या गळ्यात मारलीत?"

"मी नुसती वाटत फिरलो रे. चालवायला मला कुणी शिकवलं?"

सांगा टर उडवील असं मला वाटलं होतं. पण त्यानं स्टूल पुसून पुढे केलं आणि एडिनाला हाक मारली. त्यांच्याकडे मशीन तीच चालवते. तिनं कागदाची गुंडाळी काढून फिरवून बसवली.

"उलटी होती, साहेब."

कालच्या विक्रीची पावती निघाली. सांगानं ती नाकाजवळ धरून वाचली. "एवढीच पिलं विकलीत? काल तर दारात ही गर्दी होती."

"भाव विचारायला आले होते सगळे."

"असं म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत."

साहेबांचा आवाज चढला, सांगाचाही. एडिनानं चहा टाकला.

पुढच्या आठवड्यात सांगा सकाळपासून रस्त्याकडे बघत होता. दुपारी साहेब आले, रिकामे हात हलवत.

"आता काय बिघडलं?" सांगानं विचारलं.

"काही नाही. इकडून चाललो होतो."

बसस्टँड गावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. सांगानं स्टूल पुढे सरकवलं.